तीन झिंबाळ्या

लटंब्याने काल गुंबाडीत तीन झिंबाळ्या टोचकल्या.

आता प्रश्नांची उत्तरं द्या. झिंबाळ्या कोणी टोचकल्या? लटंब्याने. किती टोचकल्या? तीन. कुठे? गुंबाडीत. कधी? काल. चारपैकी चार गुण मिळाले, आणि वाक्याचा अर्थ मात्र कुणालाच कळलेला नाही, कारण त्याला अर्थच नाही. मराठी येणाऱ्या माणसाला ‘ने’ लागलेला शब्द कर्ता, ‘त’ लागलेला शब्द जागा आणि ‘ल्या’ने संपणारं क्रियापद झिंबाळ्यांशी जुळणारं, हे आपोआप उमगतं. तेवढ्या बळावर प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उचलून लिहायचा. पाठाखालच्या स्वाध्यायातले कितीतरी प्रश्न याच युक्तीने सुटतात. मूल वहीत बरोबर उत्तरं लिहितं, बाई बरोबरची खूण करतात, आणि पाठ समजला असं दोघांनाही वाटतं.

पहिली-दुसरीतल्या मुलांना वाचायला शिकवताना सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. मूल वाचतंय हे कानाला ऐकू येतं. त्याला समजतंय की नाही, हे ऐकू येत नाही.

मराठी माणसाला याचा अनुभव घरातच आहे. रामरक्षा किंवा अथर्वशीर्ष छापील पुस्तकातून एकही अडखळ न होता वाचणारी माणसं घरोघरी असतात. त्यातल्या बहुतेकांनी संस्कृत शिकलेलं नसतं. देवनागरी अक्षरं ओळखीची, जोडाक्षरांची सवय झालेली, त्यामुळे उच्चार स्वच्छ येतात. स्तोत्रपठणाचा आनंद वेगळा आणि तो खरा आहे. पण त्याच पानावरच्या एखाद्या ओळीचा अर्थ विचारला, तर वाचणारा थांबतो. देवनागरी लिपीचा हा मोठा गुण आहे की अक्षरं लागली की जवळपास काहीही मोठ्याने वाचता येतं. शिकवणाऱ्याला चकवा देणारी गोष्टही हीच.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी हे एका सोप्या सूत्रात मांडलं. वाचन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. बेरजेत एक बाजू शून्य असली तरी दुसरी उरते. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. ज्याला भाषा उत्तम येते पण अक्षरं येत नाहीत, तो वाचू शकत नाही. ज्याला अक्षरं येतात पण भाषा कळत नाही, तोही वाचू शकत नाही, मग त्याचा आवाज कितीही खणखणीत असो. गेली जवळजवळ चाळीस वर्षं वाचनाचे अभ्यासक या सूत्रात भर घालत आले आहेत, त्याला मुरड घालत आले आहेत, पण त्याचा गाभा टिकून आहे.

पहिली बाजू, म्हणजे लिपी, मराठीत सोपी आहे असं सर्रास बोललं जातं. जसं बोलतो तसं लिहितो, मग अवघड ते काय! सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहिलं तर अवघड बरंच काही आहे. व्यंजनं चौतीसच्या आसपास, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या घरात आकृत्या झाल्या. जोडाक्षरं त्यांच्याशिवाय. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना नंतर. ‘सूर्य’मधला र म्हणताना य च्या आधी येतो आणि कागदावर य च्या डोक्यावर जाऊन बसतो. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिप्यांतली सगळी अक्षरं पक्की व्हायला शाळेची पहिली तीन-चार वर्षंही पुरतात असं नाही. मराठी मुलांची वाट फार वेगळी असण्याचं कारण नाही.

शिवाय लिपी सगळं सांगत नाही. ‘जग’ हा शब्द घ्या. ‘सगळं जग पाहून आला’ यातला ज वेगळा आणि ‘तू सुखानं जग’ यातला ज वेगळा. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. कुठला ज म्हणायचा, हे वाक्याचा अर्थ कळल्यावरच ठरतं. म्हणजे आधी उच्चार आणि मग अर्थ, हा क्रम मराठीतसुद्धा नेहमी खरा नाही. कधी अर्थच उच्चाराला हात देतो.

आणि तरीही आपल्याकडे शिकवण्याचा क्रम वर्षानुवर्षं तोच राहिला. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्यं, आणि समजणं सगळ्यात शेवटी, जमलं तर. मुलाला ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत गिरवून होईतो त्याच्या हाती वाचण्याजोगं काहीच लागत नाही. वाचन म्हणजे काहीतरी कळणं, ही गोष्टच त्याला माहीत नसते. त्याच्या लेखी वाचन म्हणजे बाईंच्या छडीच्या टोकाकडे पाहून एका सुरात म्हणायचं काहीतरी.

बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातर्फे शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांमधल्या सुरुवातीच्या वाचन-लेखनाचा एक दीर्घ अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१७ साली आला. अभ्यासासाठी दोन जागा निवडल्या होत्या. कन्नडसाठी कर्नाटकातला यादगीर आणि मराठीसाठी आपला पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका. पहिलीतली मुलं तिसरीपर्यंत कशी पुढे सरकतात, हे त्यांनी पाहिलं. वर्गातला बराचसा वेळ अक्षरं गिरवण्यात, फळ्यावरून उतरवून घेण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जात होता. वाचलेल्याविषयी बोलणं, शब्दांशी खेळणं, मुलाने स्वतःच्या मनातलं लिहिणं, याला फार थोडी जागा होती. दुःखाची गोष्ट अशी की एवढा वेळ लिपीला देऊनही कित्येक मुलांची लिपीसुद्धा पक्की होत नव्हती. म्हणजे अर्थ बाजूला ठेवल्याने अक्षरं लवकर येतात, हा समजही टिकत नाही.

देशाचं चित्र ‘असर’च्या अहवालांत दिसतं. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून हे सर्वेक्षण होत आलं आहे. मुलाच्या घरी जाऊन त्याच्यापुढे अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट ठेवतात. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २०.५ टक्के मुलांना ती गोष्ट वाचता आली. २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्क्यांवर आलं. सुधारणा आहे आणि तिचं मोल आहे. मात्र हा आकडा प्रामुख्याने वाचता येण्याचा आहे. वाचलेलं उमगण्याची पायरी त्याच्याही पुढे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने समजपूर्वक वाचन हे शब्द थेट उद्दिष्टात घातले, ही चांगली गोष्ट झाली. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द, समजून, वाचावेत अशी अपेक्षा त्यात आहे. वेगाचा आग्रह पुष्कळांना खटकतो. पण त्यामागे कारण आहे. ‘पा… व… पाव… सा… पावसा… त’ असं करत मूल वाक्याच्या टोकाला पोचतं, तोवर वाक्याची सुरुवात त्याच्या डोक्यातून निसटलेली असते. मनाची ओंजळ लहान असते. ती अक्षरं जुळवण्यातच भरून गेली, तर अर्थाला जागा उरत नाही. म्हणून ओघ हवा. अडचण तेव्हा येते, जेव्हा घड्याळ लावून साठ शब्द मोजले जातात आणि ‘समजून’ हा शब्द मागे पडतो.

मग समजणं म्हणजे नेमकं काय? एक छोटा उतारा पाहू.

आजी दार उघडं टाकून उंबऱ्यात बसली होती. बाहेर अंधार पडला होता. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं. गोठ्यातलं एक दावं रिकामं होतं.

चारच वाक्यं आहेत. काय झालंय, ते यातल्या एकाही वाक्यात सांगितलेलं नाही. ‘आजी कुठे बसली होती?’ या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात आयतं आहे. ‘आजी कुणाची वाट पाहत असेल?’ याचं उत्तर कुठल्याच ओळीत नाही. ते ओळींच्या मधे आहे. दावं रिकामं, म्हणजे त्याला बांधलेलं जनावर आलेलं नाही. अंधार पडला, म्हणजे ते परतायची वेळ टळून गेली. भाकरी करपेपर्यंत लक्ष नाही, म्हणजे जिवाला घोर लागला आहे. वाचणाऱ्याने हे धागे स्वतः जोडायचे असतात. मोठी माणसं ते इतक्या पटकन जोडतात की आपण काही केलं, हेच त्यांच्या लक्षात येत नाही. लहान मुलाला ही जोडणी कोणीतरी करून दाखवावी लागते.

दुसरी गोष्टही या उताऱ्यात आहे. ज्याच्या घरी गाय किंवा शेळी आहे, त्या मुलाला ‘दावं’ म्हणताच दोर, खुंटा, गोठ्याचा वास, सगळं डोळ्यांपुढे येतं. सहाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला तो शब्द नुसताच दोन अक्षरांचा. ते मूल कदाचित जास्त सफाईने वाचेल, पण आजीचा घोर त्याच्यापर्यंत पोचणार नाही. उलट लिफ्ट अडकल्याची गोष्ट आली, तर पारडं फिरेल.

हे नुसतं अनुमान नाही. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची समजली जाणारी, पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात हुशार, पण त्या खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. समजणं हे बऱ्याच अंशी आधी काय ठाऊक आहे, यावर उभं असतं. म्हणून परिसर अभ्यास, गाणी, गोष्टी, बाजारात हिंडणं, शेतावर जाणं हे सगळं वाचनाच्या तासाबाहेरचं वाटलं तरी वाचनाचंच शिक्षण आहे. भाषेच्या तासाला वेळ वाढवून देण्यासाठी हे उपक्रम कापले, तर वाचनाचंच नुकसान होतं.

आता वर्गातला नेहमीचा प्रसंग. पाठ वाचून होतो. बाई विचारतात, “समजलं का?” चाळीस गळ्यांतून एकच उत्तर येतं, “होऽऽऽ!” मुलं खोटं बोलत नसतात. आपल्याला समजलेलं नाही, हेच त्यांना समजलेलं नसतं. एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे फार नेमकेपणाने दाखवलं. त्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना माशांविषयी एक छोटा मजकूर ऐकवला. समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, असं त्यात एके ठिकाणी होतं आणि तिथले काही मासे रंग पाहून आपलं खाणं ओळखतात, असंही होतं. अंधारात रंग कसा दिसेल, हा प्रश्न पुष्कळ मुलांना पडलाच नाही. विसंगती असू शकते असं सुचवून पाहिलं, तरी अनेकांच्या ती लक्षात आली नाही. प्रत्येक वाक्य सुटं सुटं कळत होतं, पण मुलं ती एकमेकांशेजारी ठेवून पाहत नव्हती.

म्हणून ‘समजलं का?’ या प्रश्नाचा उपयोग नाही. ‘आजी दार का लावत नसेल?’ या प्रश्नाचा आहे.

लिपी अजून न आलेल्या मुलांनाही समजून घेणं शिकवता येतं, आणि बरेच शिक्षक नेमकं हेच विसरतात. गुणाकाराची दुसरी बाजू पहिलीच्या पहिल्या दिवसापासून वाढवता येते, त्यासाठी ‘क’ गिरवून होण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत बळकट साधन म्हणजे मुलांना वाचून दाखवणं. शिक्षण क्षेत्रात याला प्रकट वाचन म्हणतात. शिक्षक चित्रांचं पुस्तक मुलांकडे तोंड करून धरतो आणि हावभावांसह वाचतो. मधेच थांबतो आणि स्वतःच्या मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलतो. “इथे म्हटलंय, दावं रिकामं होतं. दाव्याला काय बांधतात बरं? गाय. मग गाय कुठे गेली असेल?” एखादं मूल म्हणतं, चोरीला गेली. दुसरं म्हणतं, रानात राहिली. तिसरं म्हणतं, मेली. शिक्षक कुणालाच चूक म्हणत नाही, तो विचारतो, “कशावरून?” सगळी किमया या एका प्रश्नात आहे. गाय मेली असती तर आजी दार उघडं ठेवून बसली असती का, असं दुसरंच एखादं मूल म्हणतं आणि वर्ग पुन्हा उताऱ्याकडे वळतो. ‘करपणे’ या शब्दाचा अर्थ फळ्यावर ‘जळणे’ असा लिहून द्यावा लागत नाही. ज्याच्या घरी भाकरी करपते, ते मूल स्वतःच त्याचा वास कसा येतो ते सांगतं.

अॅनमेरी पॅलिंक्सर आणि अॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये याच संवादाची शिस्तशीर पद्धत मांडली. पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, प्रश्न विचारायचे, अडलेलं स्पष्ट करून घ्यायचं, आणि थोडक्यात सांगायचं. आधी शिक्षक हे करून दाखवतो, मग हळूहळू मुलंच शिक्षकाच्या जागी बसतात. त्यांनी हे सातवीतल्या, वाचता येणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या मुलांबरोबर केलं. पहिलीच्या मुलांबरोबर तेच, वाचून दाखवलेल्या गोष्टीवर, बोलून करता येतं.

महाराष्ट्रात या दिशेने काम झालेलं आहे, आणि ते मराठी वाचकाला माहीत असायला हवं. मूळच्या अमेरिकी, पण पुढे फलटणकरच झालेल्या मॅक्सिन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या मराठी बोलीतले भेद हाच त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने मुळाक्षरांचा पाठ क्रम सोडून दिला. थोडी अक्षरं आणि एखाद-दोन स्वरचिन्हं यांचे छोटे गट केले, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मुलाला अर्थ असलेले शब्द वाचता येतात. मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात मान, आणि त्याने स्वतःच्या मनातलं लिहावं, ही त्या कामाची दुसरी बाजू.

वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था काम करते. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात कलाकार आदिवासी भागातल्या शाळांमध्ये बालसाहित्यातल्या गोष्टींचं नाट्य सादर करतात. ज्या मुलांच्या घरी पुस्तक नाही आणि घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी, त्या मुलांपुढे पुस्तकातली गोष्ट उभी राहते, बोलते, रडते, पळते. त्यानंतर पुस्तक हाती घेणाऱ्या मुलाला त्यातली अक्षरं परकी वाटत नाहीत. याच पालघर जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कित्येक दशकांपूर्वी अंगणात मुलं जमवून गाणी-गोष्टींनी शिक्षण सुरू केलं होतं. तो धागा तुटलेला नाही, याचं समाधान वाटतं.

बोलीचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाने पुस्तकातलं वाक्य वाचलं आणि ते आपल्या बोलीत सांगितलं, तर काही शिक्षक त्याला चूक धरतात. खरं तर ते मूल सर्वांत अवघड काम करून दाखवत असतं. त्याने अर्थ उचलला, दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवला. समजल्याचा याहून भक्कम पुरावा दुसरा नाही. त्याला त्या क्षणी शाबासकी मिळायला हवी आणि प्रमाण भाषेतला शब्द नंतर, सहज, शेजारी ठेवता येतो.

पुस्तकांचा तुटवडा हे कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठीतली असंख्य चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवून छापताही येतात. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. वाचनालयातल्या कपाटात पुस्तकं कुलपात असतील, तर ती मुलांच्या हाताच्या उंचीवर, दोरीला लटकवून ठेवावीत. फाटली तर डिंकाने चिकटवता येतात. न वाचलेल्या कोऱ्या पुस्तकापेक्षा वाचून फाटलेलं पुस्तक शाळेला जास्त शोभतं.

घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल, तर आज रात्री त्याला एक गोष्ट वाचून दाखवा. दहा मिनिटं पुरतात. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका आणि कठीण शब्दांचे अर्थ घोकायला लावू नका. मधे एखाद्या ठिकाणी थांबा, “आता काय होईल?” असं विचारा, आणि ते जे काही सांगेल त्यावर म्हणा, “कशावरून?” मग पुस्तक त्याच्या हातात द्या आणि उत्तर त्याला शोधू द्या.